‘आमच्याकडे तर उघडतंय!’

‘अटॅचमेंट उघडत नाहीये, परत पाठवता का?’ आणि त्यावर पलीकडून हमखास येणारं उत्तर, ‘आमच्याकडे तर उघडतंय!’ कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरणाऱ्या प्रत्येकाने ही दोन वाक्यं कधी ना कधी ऐकलेली किंवा म्हटलेली असतात. यातली खरी गोम म्हणजे दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी असतात. कुणीच खोटं बोलत नसतं. फाईल त्यांच्याकडे खरंच उघडते, तुमच्याकडे खरंच उघडत नाही, आणि तीच परत पाठवली तर परत उघडत नाही.

असं का होतं याचं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, ईमेलमधून फाईल कधी जातच नाही. आजही नाही. जातात ती फक्त अक्षरं. आपल्याला दिसणारी ती पेपरक्लिप हा दोन प्रोग्रॅमनी मिळून केलेला नजरबंदीचा खेळ आहे. दोघांचं आधी ठरलेलं असेल तर तो रंगतो, नाहीतर आपल्या हाती काहीतरी भलतंच येतं.

१९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी बीबीएन या अमेरिकन कंपनीत एका कॉम्प्युटरवरून शेजारच्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर, पण अर्पानेटच्या जाळ्यातून, निरोप पाठवला आणि पत्त्यातलं ते ‘ॲट’चं चिन्ह जन्माला आलं. निरोप म्हणजे चार ओळी मजकूर, बस्स. पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसं जावं याचे नियम लिहिले (आरएफसी ८२१), आणि डेव्हिड क्रॉकर यांनी ते मेल आतून कसं असावं याचे (आरएफसी ८२२). दोन्ही दस्तऐवज अतिशय नेटके. पण दोघांचंही गृहीतक एकच होतं : मेल म्हणजे इंग्रजी मजकूर. त्यामुळे प्रत्येक अक्षराला सातच बिट. म्हणजे एकूण १२८ चिन्हं, त्यातली काही तर दिसतही नाहीत. एक ओळ जास्तीत जास्त हजार अक्षरांची. आठवा बिट शून्य.

आता फोटो घ्या, प्रोग्रॅम घ्या, स्प्रेडशीट घ्या. त्यांच्या प्रत्येक बाईटला आठही बिट लागतात, म्हणजे २५६ किमती. ओळ वगैरे भानगड तिथे नसतेच. हे जसंच्या तसं मेलमध्ये कोंबलं तर वाटेतला एखादा सर्व्हर आठवा बिट उडवणार, दुसरा लांब ओळ तोडणार, आणि पलीकडे पोचेल तो नुसता भुगा.

चाळीच्या अरुंद जिन्यातून लाकडी कपाट वर न्यायचं असेल तर काय करतात? सुटं करतात. फळ्या, दारं, कप्पे वेगळे करून एकेक वर न्यायचे आणि खोलीत परत जोडायचे. अटॅचमेंट म्हणजे अगदी हेच. प्रश्न इतकाच की सुटं करणारा सुतार खाली आणि जोडणारा वर, आणि फळ्यांवर खडूने केलेल्या खुणा दोघांनाही सारख्याच समजल्या पाहिजेत.

पहिली लोकप्रिय खूण म्हणजे यूयूएनकोड. मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये बर्कले विद्यापीठात ती लिहिली. कल्पना साधी : तीन बाईट घ्या, म्हणजे २४ बिट झाले. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करा. सहा बिटांत ६४ किमती बसतात, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला एक छापता येणारं अक्षर देता येतं. तीनाचे चार झाले, वजन वाढलं, पण जिन्यातून गेलं! वर ‘बिगिन’ने सुरू होणारी एक ओळ, त्यात फाईलचं नाव, आणि शेवटी ‘एंड’. वाचणाऱ्याने तो मजकूर कापून वेगळा करायचा आणि यूयूडिकोड चालवायचा. भारतातही अर्नेटवर ऐंशीच्या दशकात पहिली सेवा सुरू झाली ती यूयूसीपी मेलची, त्यामुळे इथल्या जुन्या सिस्टिम ॲडमिन मंडळींना ‘एम’ या अक्षराने सुरू होणाऱ्या त्या लांबच लांब रांगा अजून आठवतात. (पूर्ण भरलेल्या ओळीत ४५ बाईट असतात, आणि यूयूएनकोडच्या हिशोबात ४५ म्हणजे ‘एम’.)

यात एक कच्चा दुवा होता. त्या ६४ चिन्हांत ‘स्पेस’ हेही एक चिन्ह होतं, आणि ओळीच्या शेवटची स्पेस ‘उगाच कशाला’ म्हणून पुसून टाकणारे सर्व्हर भरपूर होते. शिवाय अमेरिकन विद्यापीठांचं बिटनेट नावाचं वेगळं जाळं आयबीएमच्या मशीनवर चाले, आणि तिथली अक्षरमाला एब्सिडिक, आपली नेहमीची आस्की नव्हे. एका जाळ्यातून दुसऱ्यात जाताना काही विरामचिन्हं बदलून जात. साध्या पत्रात एखादा कंस बदलला तर कुणाला कळतही नाही, पण सुट्या केलेल्या फाईलमध्ये एक चिन्ह बदललं की कपाटाचं दार बसत नाही.

आणि या यूयूएनकोडचं भूत पुढे कित्येक वर्षं फिरत होतं. आउटलुक एक्स्प्रेस या प्रोग्रॅममध्ये पत्राची एखादी ओळ ‘बिगिन’ या शब्दाने सुरू झाली आणि पुढे दोन स्पेस आल्या, की तो तिथून पुढचा सगळा मजकूर अटॅचमेंट समजायचा! तुम्ही साधं पत्र लिहिलंय, पलीकडच्याला अर्ध पत्र आणि एक न उघडणारी फाईल. यावर मायक्रोसॉफ्टने अधिकृतपणे सुचवलेला एक उपाय असा होता की ‘बिगिन’च्या जागी ‘स्टार्ट’ किंवा ‘कमेन्स’ असा दुसरा शब्द वापरा. बग काढण्यापेक्षा इंग्रजी भाषेतला एक शब्द काढणं सोपं, असा हा विचार. धन्य!

मॅकवाल्यांचं दुखणं निराळंच. जुन्या मॅकवर एका फाईलचे दोन भाग असत, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. नुसता पहिला भाग पाठवला तर प्रोग्रॅमसारख्या फाईलचा जीवच जायचा. म्हणून त्यांनी बिनहेक्स ही वेगळी पद्धत वापरली, जी विंडोजवाल्यांना वाचता येत नसे. त्याहून खोल भांडण फाईल ओळखायची कशी, यावर होतं. विंडोज नावाचं शेपूट बघतं (डॉक, एक्सएलएस वगैरे). जुना मॅक फाईलसोबत लपवलेला चार अक्षरी शिक्का बघायचा, नावाला काही किंमत नाही. युनिक्समधला ‘फाईल’ हा प्रोग्रॅम फाईल उघडून पहिले काही बाईट हुंगतो. म्हणजे मॅकवाल्याने शेपूट नसलेली फाईल पाठवली की विंडोजवाला हतबल. ‘आमच्याकडे तर उघडतंय’चा हा एक अस्सल प्रकार.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हे असं होतं. मेलमधून चित्रं जात नव्हती असं नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात अँड्र्यू नावाची मेल सिस्टिम होती, त्यात चित्रं जायची, पण अँड्र्यू वापरणाऱ्यांनाच दिसायची. कंपन्यांच्या आतल्या मेल सिस्टिम्समध्येही फाइली जोडता यायच्या, कंपनीच्या भिंतीच्या आत. बेटं भरपूर, होडी एकही नाही.

ती होडी बांधली नेड फ्रीड आणि नॅथॅनिअल बोरेन्स्टाईन या दोघांनी. बोरेन्स्टाईन आधी त्या अँड्र्यूवरच काम करत होते आणि मग बेलकोअरमध्ये आले. त्यांना मेलमधून चित्रं आणि आवाज पाठवायचे होते. फ्रीड इनोसॉफ्टमध्ये, आणि त्यांचा धंदा वेगवेगळ्या मेल सिस्टिम्सना जोडणारे गेटवे बांधण्याचा, म्हणजे वाटेत मेलची काय काय वाट लागते हे रोज डोळ्यांनी बघणारा माणूस. माझ्या मते ही जोडी जमली हेच खरं नशीब. नुसत्या स्वप्नाळू माणसाने ‘आता सगळे सर्व्हर बदला’ म्हटलं असतं, आणि नुसत्या गेटवेवाल्याने ‘चित्रं कशाला हवीत’ म्हटलं असतं. लोक बोरेन्स्टाईनना ते विचारायचेच. त्यावर ते सांगायचे की एक दिवस मला नातवंडं होतील, आणि त्यांचे फोटो मला मेलने आलेले हवेत.

११ मार्च १९९२ रोजी त्यांनी नव्या पद्धतीचं मेल पाठवलं. त्यात एक फोटो होता आणि एक गाणं. बेलकोअरमधल्या चौघांनी मिळून केलेला ‘टेलिफोन कॉर्ड्‌स’ नावाचा हौशी गायनगट, त्यात स्वतः बोरेन्स्टाईन, आणि एका जुन्या प्रेमगीताच्या चालीवर ईमेलबद्दलचं विडंबन. इंजिनिअर लोक कुठलेही असोत, गॅदरिंग सुटत नाही. जूनमध्ये आरएफसी १३४१ आणि १३४२ प्रसिद्ध झाले आणि या पद्धतीचं नाव पडलं माईम.

माईमचं मोठेपण हे की त्याने वाटेतल्या एकाही सर्व्हरला बदलायला सांगितलं नाही. सर्व्हरच्या दृष्टीने माईमचं मेल म्हणजे पूर्वीसारखाच सात बिटांचा, आखूड ओळींचा, निरुपद्रवी मजकूर. सगळी अक्कल दोन्ही टोकांना. पत्राचे भाग पाडायचे, मध्ये एक ठरलेली सीमारेषा टाकायची, आणि प्रत्येक भागावर लेबल लावायचं : हा साधा मजकूर, हे जेपेग चित्र, हा आवाज. म्हणजे फाईल ओळखण्याचं शेपूट, शिक्का, हुंगणं हे भांडण मिटवायला एक तटस्थ भाषा मिळाली. जुन्या प्रोग्रॅमने असं मेल उघडलंच तर वर ‘हे माईम पद्धतीचं अनेक भागांचं पत्र आहे’ अशा अर्थाची एक ओळ साध्या इंग्रजीत दिसायची, म्हणजे बिचाऱ्याला निदान कळावं की आपलं डोकं फिरलेलं नाही. आणि असलेल्या मेल प्रोग्रॅमना माईम समजावं म्हणून बोरेन्स्टाईननी मेटामेल नावाचा जोड-प्रोग्रॅम फुकट वाटला.

फाईल सुटी करायची पद्धत मात्र त्यांनी नवी शोधली नाही. गोपनीय मेलसाठी १९८७ मध्ये बनवलेल्या एका पद्धतीतून उचलली आणि तिला बेस६४ म्हटलं. गणित यूयूएनकोडचंच, तीनाचे चार. पण चिन्हांची निवड बघा : इंग्रजी मोठी २६ अक्षरं, लहान २६, दहा आकडे, अधिक आणि तिरपी रेघ. स्पेस नाही, कंस नाहीत. आस्कीच्या प्रत्येक देशी आवृत्तीत आणि एब्सिडिकच्या प्रत्येक आवृत्तीत जी अक्षरं शाबूत राहतात तेवढीच घेतली. इतकं वाटेचं भान ठेवून केलेलं डिझाईन मी तरी कमी पाहिलंय. त्याची किंमत आपण अजून मोजतोय : दर ७६ अक्षरांना ओळ तोडायची, त्यामुळे फाईलचं वजन साधारण ३७ टक्क्यांनी वाढतं. २५ एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवर १८ एमबीच्या पुढची फाईल का अडकते, त्याचं कारण हे.

इतकं सगळं छान जमल्यावर मग आजही फाइली का उघडत नाहीत?

कारण प्रत्येकाने माईम मान्य केलं, पण मनापासून नाही. याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना म्हणजे ‘विनमेल.डॅट’.

माझ्या सांगलीच्या मावसभावाला एका कंपनीची नोकरीची ऑफर आली. पत्रावर सही करून शुक्रवारपर्यंत परत पाठवायचं होतं. मेलमध्ये मजकूर दोन ओळींचा आणि खाली एकच फाईल, विनमेल.डॅट. एचआरला त्याने तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर तेच, ‘आमच्याकडे उघडतंय, तुमचा प्रॉब्लेम आहे.’ गुरुवारी रात्री त्याचा फोन. ‘दादा, हे व्हायरस-बियरस नाही ना? की मला नकोच म्हणतायत ते?’ पहिल्या नोकरीच्या वेळी माणूस किती लांबचा विचार करतो बघा. ‘अरे येड्या, फाईल फॉरवर्ड कर मला’ म्हटलं. लिनक्सवर ‘टीएनईएफ’ नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे, तो चालवला आणि त्या एका डॅट फाईलमधून दोन पीडीएफ बाहेर पडल्या. पगाराचा आकडा आधी मी वाचला.

हा टीएनईएफ म्हणजे काय? नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या मेल सिस्टिममध्ये पत्र म्हणजे नुसतं पत्र राहिलं नव्हतं. त्यात मीटिंगचं आमंत्रण होतं, ‘हो/नाही’ची मतदानाची बटणं होती, पत्राच्या मधोमध बसवलेलं एक्सेलचं कोष्टक होतं. या सगळ्याला माईममध्ये जागा सापडेना, म्हणून त्यांनी आपल्या सगळ्या खास गोष्टी, आणि सोबत जोडलेल्या फाइलीसुद्धा, एका गाठोड्यात बांधल्या आणि ते गाठोडं माईमचं अटॅचमेंट म्हणून पाठवलं. नाव काय ठेवलं? ‘ट्रान्सपोर्ट न्यूट्रल एन्कॅप्सुलेशन फॉरमॅट’. वाहतुकीच्या बाबतीत तटस्थ! वाहतुकीच्या बाबतीत होतंही, पोचवणारा कुणीही चालायचा. उघडणारा मात्र घरचाच लागायचा. आणि घरचा म्हणजे किती घरचा? त्याच कंपनीचा आउटलुक एक्स्प्रेस, नावात आउटलुक असून, हे गाठोडं उघडू शकत नसे.

छळ असा की हे नेहमी होत नाही. पाठवणाऱ्याच्या आउटलुकमध्ये पत्र ‘रिच टेक्स्ट’ पद्धतीत असेल तरच गाठोडं बांधलं जातं. एखाद्या पत्त्यासमोर ‘याला रिच टेक्स्टच पाठवा’ अशी नोंद राहून गेली असेल तर त्या एकाच माणसाला विनमेल.डॅट जातं, बाकीच्यांना व्यवस्थित पीडीएफ. रिच टेक्स्टमध्ये आलेल्या पत्राला उत्तर दिलं तर तेही रिच टेक्स्टमध्येच. त्यामुळे ज्याला मिळत नाही तोच वेडा ठरतो. त्यात आणखी एक बारीक गंमत : या गाठोड्यात कधीकधी पाठवणाऱ्याचं लॉगिन नाव आणि त्याच्या मशीनवरच्या फाइलींचा पत्ताही जातो. म्हणजे हवं ते मिळत नाही आणि नको ते मिळतं.

गाठोड्याची रचना मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये रीतसर प्रसिद्ध केली. त्याच्या कितीतरी आधी लोकांनी ती उलटी उकलून सोडवणारे प्रोग्रॅम लिहिले होते. उपाय पाठवणाऱ्याकडे आहे आणि तो सोपा आहे : आउटलुकच्या मेल ऑप्शन्समध्ये इंटरनेटवर जाणारी रिच टेक्स्ट पत्रं एचटीएमएलमध्ये बदलायची, आणि तरीही होत असेल तर त्या पत्त्याची नोंद तपासायची. कंपनीचा एक्स्चेंज सर्व्हर असेल तर ॲडमिन बाहेरच्या डोमेन्ससाठी रिच टेक्स्ट कायमचं बंद करू शकतो. पण पाठवणाऱ्याला मुळात त्रास होत नसतो ना, त्यामुळे उपाय शोधत बसतो तो ज्याला मिळालं तो.

आपल्या मराठी लोकांना तर हे दुखणं दोनदा झालं. युनिकोड रुळायच्या आधी श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींमध्ये मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेला असायचा. फाईल जायची, उघडायची, आणि आत मराठीऐवजी टोप्या घातलेली युरोपीय अक्षरं! मग फाँटची फाईलही सोबत जोडायची पद्धत पडली. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फाँट आणि देवनागरी युनिकोड आलं, तेव्हापासून हळूहळू हे निवळलं.

दुसरं दुखणं फाईलच्या नावाचं, आणि ते मला जास्त बोचतं. फाईलचं नाव कुठे लिहायचं हे ठरलं, पण ते इंग्रजीतच असणार असं पुन्हा गृहीत धरलेलं. १९९७ मध्ये आरएफसी २२३१ ने त्यावर तोडगा दिला. त्यानुसार ‘अर्ज’ हा शब्द लिहायचा तर चार चिन्हं, प्रत्येकी तीन बाईट, प्रत्येक बाईटला टक्क्याचं चिन्ह आणि दोन आकडे, म्हणजे एकूण ३६ अक्षरं. दिसायला भयाण, पण निदान नियम होता. बऱ्याच मेल प्रोग्रॅमनी तो वाचलाच नाही. विषयाच्या ओळीत मराठी लिहिण्यासाठी जी दुसरी पद्धत होती तीच इथे घुसडली, आणि तसं करू नका हे त्या पद्धतीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे! नतीजा असा की ‘अर्ज.पीडीएफ’ पाठवावं आणि पलीकडे ‘नोनेम’ किंवा ‘एटीटी००००१’ अशी बिनशेपटाची फाईल पोचावी. शेपूट गेलं की विंडोजला ती ओळखता येत नाही. फाईल आतून धडधाकट, फक्त नाव मराठी होतं हाच तिचा गुन्हा.

यातून आपण काय शिकलो, तर फाईलला मराठी नाव द्यायचंच नाही. आतला मजकूर अस्सल मराठी, आणि नाव रोमन लिपीत ‘अर्ज फायनल न्यू २’. (ईमेलला ‘विरोप’ म्हणणारी चिवट मंडळी मराठी इंटरनेटवर होती. त्यांच्याही फाइलींची नावं मी इंग्रजीतच पाहिली आहेत.) २०१२ मध्ये पत्ते आणि हेडर सरळ युनिकोडमध्ये लिहायची सोय झाली, बहुतेक मोठ्या मेल सेवा आता मराठी नावं नीट पोचवतात, पण सवय गेलेली नाही. सरकारी पोर्टलवर अपलोड करताना तर कुणीच ती जोखीम घेत नाही.

असो. कधी अशी अनोळखी फाईल आलीच तर मेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ किंवा ‘व्ह्यू सोर्स’ असा पर्याय शोधा. बेस६४चा तो अक्षरांचा ढीग दिसेल. घाबरू नका, फक्त पहिली काही अक्षरं बघा. मोठं यू, मोठं ई, लहान एस, मोठं डी अशी सुरुवात असेल तर ती झिप आहे, किंवा वर्ड-एक्सेलची २००७ नंतरची फाईल, कारण त्या आतून झिपच असतात. मोठं जे, व्ही, बी, ई, आर असेल तर पीडीएफ. तिरपी रेघ, नऊ, लहान जे आणि पुन्हा तिरपी रेघ असेल तर जेपेग फोटो. तसं दिसलं तर फाईल सेव्ह करा आणि तिला योग्य ते शेपूट लावा. मेल ओळखीच्या माणसाचं आहे एवढी खात्री मात्र आधी करून घ्या. मे २००० मध्ये जगभर ‘आय लव्ह यू’ या विषयाचं एक मेल फिरलं होतं, आणि त्यातली फाईल सगळ्यांकडे अगदी व्यवस्थित उघडली होती.